स्पेनमधल्या एस्त्रेमादुरा प्रांतातल्या गावात जनावरं सांभाळायला निघालीस?

मार्चपासून राहणार आहेस ना, मग पोचल्यावर आधी पाइनची झाडं बघ. फांद्यांवर पांढरी, कापसासारखी घरटी दिसली की कुत्र्याला तिथून मोकळं नेऊ नकोस. हिवाळा सरता सरता त्यातले सुरवंट एकामागे एक रांग धरून खाली उतरतात. कुत्र्याने नुसतं हुंगलं तरी त्यांच्या केसांनी जीभ सुजते, कधी कुजतेही. चोळायचं नाही; हातमोजे घालून भरपूर पाण्याने तोंड धू आणि थेट डॉक्टर गाठ. शेजारीण 'काही होत नाही गं' म्हणाली तरी!

मे उजाडला की वाळल्या गवताची कुसळं. रोज संध्याकाळी पंजांच्या बेचक्या आणि कान तपासायचे. वाळूमाशी चावल्याने कुत्र्याला लेशमानिया नावाचा आजार होतो, म्हणून गळ्यात औषधी पट्टा हवाच, आणि रात्री कुत्रं घरात.

गाढवाला हिरव्यागार कुरणात दिवसभर सोडू नकोस, खुरं सुजतात, पेंढाच बरा. कोंबड्यांचं फार काही नाही, अंधारायच्या आत खुराडं बंद कर, कोल्हे फिरतात. जुलै-ऑगस्टात पारा ४० ओलांडतो, तेव्हा सगळी कामं सकाळीच उरक. भर दुपारी गाव झोपतं, बहुधा दवाखानाही. तातडीचा नंबर आधीच फ्रिजवर चिकटवून ठेव.