पीएचडीच्या सर्व्हेत पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर आली, तर आणखी फॉर्म भरून घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की यूपीआय घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या १८० दुकानदारांच्या विक्रीत फरक दिसत नाही, पी-व्हॅल्यू (मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून जास्त फरक दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली असली तरच फरक 'लक्षणीय' म्हणायची प्रथा आहे) ०.२१ आली, आणि गाईड म्हणतात, "अजून पन्नासेक फॉर्म भर, नाहीतर थेसिसमध्ये लिहिणार काय?"

नका भरू. आकडा खाली आणण्यासाठी तर मुळीच नका. हेच वाक्य मीही ऐकलेलं आहे, आणि ऐकून जे केलं ते अजून निस्तरता आलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१३ साली माझ्या पीएचडीचा विषय होता, बचत गटाच्या कर्जामुळे मासळी विकणाऱ्या बायकांचं उत्पन्न वाढतं का. मुंबईतले सात बाजार, २१२ बायका, त्यातल्या १०४ गटात. सिटीलाइटपासून मुलुंड-भांडुपपर्यंत सगळीकडे मी एकटी फिरले. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की त्यांच्याशेजारी थर्माकोलच्या खोक्यावर बसायचं. कागद ओले व्हायचे, बॉलपेन उमटायचं नाही, म्हणून सगळे फॉर्म पेन्सिलीने भरले. "रोजचं उत्पन्न किती?" या प्रश्नावर एका मावशींनी सुरमईच्या तुकड्या करता करता मला विचारलं, "कुठल्या रोजचं गं? गटारीच्या की श्रावणातल्या?"

माझ्या फॉर्ममध्ये यासाठी रकानाच नव्हता. जून-जुलैच्या मासेमारीबंदीसाठीही नव्हता. त्यांनी अंदाजाने एक आकडा सांगितला, मी तो लिहिला. अशा २१२ अंदाजांवर मी टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक तपासायची चाचणी, लावली. गटातल्या बायकांचं उत्पन्न दिवसाला सरासरी ३८ रुपयांनी जास्त निघालं, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण ज्या मर्यादेत असावा ती) उणे ३५ ते अधिक १११, पी-व्हॅल्यू ०.३१.

माझे सर माणूस म्हणून चांगले होते. विद्यार्थी उपाशी आहे हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. पण त्यांनी बाजारनिहाय तक्ता समोर घेतला, पेनाने दोन ओळी खोडल्या आणि म्हणाले, "मुलुंड-भांडुप काढ. ते आउटलायर आहेत." म्हणजे बाकीच्यांपासून फारच दूर पडलेले. काढले. पी-व्हॅल्यू ०.०४ आली. त्यावर पेपर लिहिला, एका परिषदेत वाचला, तो त्यांच्या इतिवृत्तात छापूनही आला. घरी पेढे आणले होते.

आता हिशेब बघा. सात बाजारांतून कुठलेही दोन गाळायचे तर २१ जोड्या होतात. प्रत्येक जोडी गाळून बघायची मुभा असेल, तर त्यातली एखादी ०.०५ च्या खाली गेली यात नवल काय? त्या जोडीला आउटलायर हे नाव आम्ही उत्तर बघून दिलं. तुमचे पन्नास फॉर्म ही त्याचीच दुसरी तऱ्हा. दर पन्नास फॉर्मनंतर डोकावायचं आणि मनासारखा आकडा आला की थांबायचं, असं केलं तर फरक नसताना वीसात एकदाच चुकण्याची जी हमी ०.०५ देतो ती उरतच नाही. आणि ०.०५ ही काही दगडावरची रेघ नव्हे. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२५ मध्ये ती सोयीची मर्यादा म्हणून सुचवली होती. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, असं अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये निवेदन काढून सांगितलं.

पेपर छापून आल्यावर मला चैन पडेना. मी परत मुलुंडला गेले. या वेळी फॉर्म नेला नाही. तिथे एक बाई म्हणाली, "गटाचे पैसे धंद्यात कशाला घालू? माल मला धक्क्यावर उधारीवर मिळतो, विकून चुकता करते. पोरीच्या फीला उधार कोण देतंय?"

माझा सगळा विषय त्या तीन वाक्यांत होता. कर्ज धंद्यात गेलंच नाही तर धंद्याचं उत्पन्न वाढेल कशाला? आणि हे सांगणारे बाजार मी स्वतःच्या हाताने गाळले होते.

जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या नियतकालिकात सूक्ष्म कर्जावरचे सहा देशांतले सहा अभ्यास एकत्र आले. त्यात आपलं हैदराबाद होतं. १०४ वस्त्या, त्यातल्या निम्म्या सोडत काढल्यासारख्या निवडून तिथे कर्जाच्या शाखा उघडलेल्या. आधीपासून धंदा असलेल्यांनी धंद्यात पैसे थोडे जास्त घातले, पण घरखर्च, मुलांचं शिक्षण, आरोग्य, बायकांचा घरातला अधिकार, यांत म्हणण्यासारखा फरक नाही. आणि हे मानाने छापलं गेलं. त्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं ते अशाच प्रयोगांच्या पद्धतीबद्दल. मी प्रिंट काढून सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी चाळली आणि म्हणाले, "ते एमआयटीवाले आहेत. आपलं कोण छापणार?"

तेव्हा मी गप्प बसले. आज विचारलं असतं, की सर, छापण्यासाठी संशोधन करायचं तर बाजारात ओल्या कागदांवर बसायचं कशाला? घरी बसून आकडे लिहिता आले असते.

थेसिस मी सातही बाजार धरून, ०.३१ सकट दिला. कर्ज कुठे खर्च झालं यावर नवीन प्रकरण लिहिलं, त्यात सव्वा वर्ष गेलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बहुतेक प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले.

पण तो पेपर राहिला. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने शोधगंगा या थेसिसांच्या ऑनलाइन भांडारावरून एक थेसिस उतरवून आणला. संदर्भ-साहित्याच्या आढाव्यात माझं नाव आणि पुढे, बचत गटामुळे उत्पन्नात लक्षणीय वाढ. ती कौतुकाने दाखवत होती. मी परिषदेच्या आयोजकांना दोनदा पत्र लिहिलं, उत्तर नाही. छापलेलं परत घेता येत नाही हो.

तुमच्या डेटाबद्दल. फरक "सिद्ध झाला नाही" म्हणजे "फरक नाही" असं लिहू नका. इंटरव्हल बघा. तो शून्याभोवती अरुंद असेल तर विक्रीवर फारसा परिणाम नाही असं ठामपणे म्हणता येईल. रुंद असेल तर एवढ्या नमुन्यावरून सांगता येत नाही, हेच लिहायचं. आणि मला तर दुसरीच शंका आहे. जीएसटीच्या धास्तीने दुकानदार खरी विक्री सांगतात का? स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात यूपीआय आणि गल्लीतल्या छोट्यात रोख, असं असेल तर तुम्ही दुकानाचा आकार मोजताय की यूपीआय? हे पी-व्हॅल्यूच्या आधी बघा.

नमुना वाढवणं मुळात गुन्हा नाही, हेही सांगायला हवं. आधी हिशेब करून किती लागतील ते ठरवलं आणि थेसिसमध्ये तसं नमूद केलं तर चालतं, मध्ये मध्ये तपासायच्या रीतसर पद्धतीही आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत थेसिसआधी पेपर छापण्याची सक्ती राहिलेली नाही, पण तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो, तो विचारून घ्या. गाईडशी भांडू नका, सही त्यांचीच लागते. फक्त फॉर्म भरायला जाण्याआधी त्यांना एक विचारा, की पन्नास वाढवून ०.०६ आली तर काय करायचं? जे ठरेल ते तारीख घालून वहीत लिहा आणि त्याखाली त्यांची सही घ्या.