आपणच वाढवलेला कोंबडा कापून खाणं चूक आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी पाच गावरान कोंबड्या आहेत, त्यांच्याबरोबर वाढलेले दोन कोंबडे आता रोज भांडतात. घरचे म्हणतात कापा. आठ वर्षांची मुलगी म्हणते, हाताने दाणे घातले आणि आता खायचं?

माझ्या मते चूक नाही. पण ‘ते दोन विकून टाका आणि दुकानातून चिकन आणा’ असा तोडगा कुणी काढला असेल, तर तो ऐकू नका. का ते सांगतो.

माझं लहानपण करमाळ्याकडच्या कोरडवाहू पट्ट्यात गेलं. दारात सात-आठ उस्मानाबादी शेळ्या, काळ्याभोर, बहुतेकींना जुळी करडं. आजीचा एक नियम होता: पाटीला, म्हणजे मादी करडाला, नाव ठेवायचं, बोकडाला नाही. पाट घरात राहणार, बोकड जाणार. आम्ही पोरं गुपचूप ठेवायचोच. बोकड दोन दाती झाला की बकरी ईदच्या आधी व्यापारी यायचा, खालचा ओठ ओढून दात बघायचा, कमरेवर पंजा दाबायचा. सौदा झाला की आजी बोकड द्यायची आणि दावं सोडून ठेवून घ्यायची. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माझी अकरावी-बारावीची फी अशा दोन बोकडांवर निघाली.

कंदुरीला, म्हणजे पिराच्या नवसाच्या जेवणाला, मात्र घरचाच बोकड पडायचा. कापायला मुलाणीचाचा यायचे. आधी बाकीच्या शेळ्या मागच्या परड्यात हाकलायला लावायचे, आणि सुरी शेवटच्या क्षणापर्यंत काखेत. पुढे वाचनात आलं की २००१च्या कत्तलखाना नियमांतही हेच लिहिलंय, एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. चाचांनी नियम कुठले वाचलेले!

हे सगळं गोडगुलाबी होतं असं समजू नका. दोन-तीन महिन्यांच्या बोकडाला खच्ची करायचे तेव्हा तो जे ओरडायचा, ते मी अजून विसरलेलो नाही. भूल वगैरे काही भानगड नाही. मरणाचं मला फारसं काही वाटलं नाही, पण तो आवाज आजही खटकतो.

पण खरी टोचणी बोकडाची नाही, गोऱ्ह्याची आहे.

२०१६च्या सुमारास चुलत्यांनी शेळ्या कमी करून दोन एचएफ, म्हणजे होल्स्टीन या विदेशी दुधाळ जातीच्या, गाई घेतल्या. डेअरीला दूध, दहा दिवसाला पगार, सगळं स्वच्छ. पहिली गाय व्याली आणि गोऱ्हा झाला. घरात जे सुतक पसरलं ते बघण्यासारखं होतं. आपल्याकडचा देशी खिल्लार गोऱ्हा असता तर औताला, गाडीला, शर्यतीला गिऱ्हाईक होतं. एचएफला वशिंड नाही, त्यामुळे जू नीट बसत नाही, आणि आमच्याकडच्या उन्हात तो धापा टाकतो. गाय कापायला १९७६च्या कायद्यापासूनच बंदी होती, मार्च २०१५पासून बैल आणि वळूही त्यात आले. कायदा बरा की वाईट तो वाद इथे नको. एवढंच झालं की त्या गोऱ्ह्याला कुणी विचारीना. त्याला रोज तीन-चार लिटर दूध पाजायचं म्हणजे तेवढं डेअरीत कमी घालायचं.

कुणी त्याला मारलं नाही. फक्त पान्हा सोडण्यापुरता गाईला लावायचा आणि ओढून बाजूला बांधायचा. तिसऱ्या आठवड्यात हगवण लागली. डॉक्टरला बोलवावं की नाही यावर दोन दिवस कुणीच काही बोललं नाही. तेवढ्यात तो गेला. आणि गंमत बघा, त्याच गाईच्या पहिल्या चिकाचा खरवस आम्ही शेजारी वाटला होता. ज्या काकूंकडे अंडंसुद्धा चालत नाही, त्यांनी दोनदा मागून घेतला. चीक खरं तर त्या वासराचा, जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पोटात गेला तरच त्याला रोगाशी झुंजायची नीट ताकद येते. माझ्या वाटीत वेलदोडा जरा जास्त पडला होता, एवढंच मला त्या वेळी जाणवलं.

आता गाय भरवायला लिंगवर्गीकृत रेतमात्रा, म्हणजे मादी वासरूच व्हावं म्हणून निवडलेलं वीर्य, मिळतात, त्यातून शंभरातल्या नव्वदेक कालवडी होतात. चांगली सोय आहे, पण प्रत्येक शेतकरी ती वापरतोच असं नाही.

म्हणून ‘मी शाकाहारी, माझ्या ताटात हिंसा नाही’ हे वाक्य चहाचा कप हातात धरून कुणी म्हटलं की मी गप्प बसतो. वाद घालत नाही, पण पटतही नाही.

आता तुमच्या दुकानातल्या चिकनकडे येतो. माझ्या मावसभावाचं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे, करारावरचं. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, मेहनत आणि वीजबिल याचं. एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा. चाळीस-बेचाळीस दिवसांत तो दोन किलोच्या वर जातो. शेवटच्या आठवड्यात त्यांच्यात फिरलात तर दिसेल, बरेचसे चालत नाहीत, तुसावर बसूनच असतात. अंग वाढलंय, पाय अजून पिल्लाचेच. मे महिन्यात दुपारी भाऊ पाण्याचे तुषार उडवणारे फॉगर चालू करून रजिस्टर घेऊन बसतो. त्यात ‘मरतुक’ असा रकाना असतो, रोज आकडा भरायचा. दुकानातल्या अंड्याचीही तीच गत: पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटीमीटर, म्हणजे ए-फोर कागदापेक्षा कमी जागा. त्या जातीची नर पिल्लं तर पहिल्याच दिवशी संपवतात, कारण ती ना अंडी देणार ना मांस धरणार.

तुमचे दोन कोंबडे उकिरडा उकरत, उन्हात पंख पसरून वाढलेत. ते सोडून मावसभावाच्या शेडमधला पक्षी आणायचा, म्हणजे मुलीच्या डोळ्यांतलं पाणी थांबेल एवढंच.

कुणी म्हणेल, पण त्या कोंबड्याला जगायचंच आहे ना? आहे. शेळीसुद्धा बारा-पंधरा वर्षं जगू शकते, आम्ही तिच्या पोराला सव्वा वर्षात घालवायचो. याला माझ्याकडे उत्तर नाही. दूध-अंडी सगळं सोडलेला माणूस हे विचारतो तेव्हा मी मान खाली घालून ऐकतो. तरी मटण खातो, महिन्यातून एखाद्या वेळी.

आता कामाचं. पाच कोंबड्यांना एकच कोंबडा पुरतो, दोघं राहिले तर एकमेकांना आणि कोंबड्यांनाही रक्तबंबाळ करतील. एक ठेवा, कुठला ते मुलीला ठरवू द्या. दुसऱ्याला आदल्या संध्याकाळपासून दाणे नकोत, पाणी भरपूर द्या. रात्री खुराड्यातून अंधारातच उचलून डालग्याखाली झाका, म्हणजे सकाळी पळापळ होत नाही. सवयीच्या माणसाकडून कापून घ्या, यूट्यूब बघून स्वतः करायला जाऊ नका. बाकीच्या कोंबड्या तेव्हा दुसरीकडे असू द्या. आणि मुलीला ‘तो उडून गेला’ असं सांगू नका. तिला नको असेल तर त्या दिवशी तिच्यासाठी पिठलं टाका. आमची आजी स्वतः पाजून वाढवलेल्या बोकडाचं मटण रांधायची, सगळ्यांना वाढायची आणि आपण मिरचीच्या ठेच्याबरोबर भाकरी खायची. तिला कधी कुणी का म्हणून विचारलं नाही.