चलनाच्या पाठीवरचा हिशेब

‘अमेरिकेचा पगार घेऊ की जर्मनीच्या सुट्ट्या?’ बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या सल्ल्याच्या खोलीत हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. ही गोष्ट येळ्ळूरच्या एका इंजिनिअरची. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

वय 29, हातात दोन ऑफर. सोबत वडील, हयात उद्यमबागेत लेथवर गेलेली. जुन्या डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर त्यांनी डॉलर आणि युरोचे रुपये करून आणले होते. “मॅडम, जवळजवळ दुप्पट हाय. ह्यात विचार कसला करायचा, सांगा की.”

गुणाकार बरोबर होता. मी दोन्ही पत्रं पुढ्यात घेतली. अमेरिकेच्या पत्रात वर्षाला 10 दिवस रजा, आजारपण त्यातच. तिथं पगारी रजेची सक्ती करणारा केंद्रीय कायदाच नाही. जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला किमान 20 दिवस कायद्यानेच मिळतात, याच्या पत्रात 28. शिवाय नोकरीला महिना झाला की आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार, तो वेगळाच.

वडील बोटं मोजत पुटपुटले, “गणपतीला आला की रजा संपली. मग ताप आला तर?”

विम्याचं पान मी मुद्दाम सावकाश वाचलं. अमेरिकेत हप्ता कापला जातोच, वर डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधीचा ठरावीक खर्च, खिशातून. नोकरी गेली की विमा डळमळतो, आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याला नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस. जर्मनीत सरकारी विम्याचा हप्ता मोठा, कर तर चांगलाच बोचतो. पण निम्मा हप्ता कंपनी भरते आणि न कमावणारी बायको त्यातच बसते. तरी घरावर कर्ज असेल तर चार वर्षं अमेरिका मला वाईट वाटत नाही. तसं मी बोललेही.

“सूनबाई काय म्हणते?” दोघंही गप्प.

पुढच्या खेपेला ती आली. शहापुरात एका सीएकडे काम करते. तिचा एकच प्रश्न: “मला तिथं नोकरी करता येईल?” अमेरिकेत एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर सहसा नाही, नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचला तरच, आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग वर्षानुवर्षांची. जर्मनीत ब्ल्यू कार्ड या कुशल नोकरदारांच्या परवान्यावर गेलेल्याच्या जोडीदाराला परवानगी असते.

वडिलांनी खिशातलं चलन काढलं, पेन मागितलं. “मग हिचा पगार धरा की.”

“आधी जर्मन शिकायला लागंल, मामा,” ती म्हणाली, “पहिलं वर्ष शून्य लिवा.”

त्यांनी शून्य लिहिलं.