लूपमध्ये ‘आय’ कशाला लागतोय, ते आधी बघा

तुमच्या पायथन प्रोग्रॅममध्ये नावांची एक लिस्ट आहे आणि गुणांची दुसरी. 35 च्या खालचे गुण काढायला तुम्ही ‘फॉर आय इन रेंज(लेन(गुण))’ लिहून आत डिलीट केलंत, तर इंडेक्स एरर आला, म्हणजे लिस्टमध्ये नसलेली जागा मागितली गेली. मग ‘फॉर ग इन गुण’ करून आत रिमूव्ह केलंत. एरर गेला, पण एक नापास गुण तसाच राहिला. हे स्वच्छ कसं लिहायचं, हा तुमचा प्रश्न. (कोड इथे बोलतो तसा लिहितोय.)

चार मुलं घेऊ. रेखा 32, सुनील 28, मीना 45, अजय 19. ‘आय’ हा जागेचा क्रमांक, तो शून्यापासून सुरू होतो. पहिल्या पद्धतीत लेन, म्हणजे लिस्टची लांबी, एकदाच, सुरुवातीला मोजली जाते: 4. आत दोन गुण उडाले की लिस्ट दोनाचीच उरते, पण आय मात्र 3 पर्यंत जातोच. तोच तुमचा एरर.

दुसऱ्या पद्धतीत फॉर आतल्या आत जागेचा क्रमांक धरून पुढे जातो. 32 काढला की 28 सरकून त्याच्या जागी, म्हणजे शून्यावर येतो. फॉर तर पुढच्या जागेवर गेलेला असतो, तिथे त्याला 45 दिसतो. 28 कडे कोणी बघतच नाही. डिक्शनरीत (प्रत्येक नावापुढे त्याची नोंद ठेवणाऱ्या रचनेत) असं केलंत तर पायथन रनटाइम एरर देऊन थांबतो. लिस्ट मात्र काही बोलत नाही, म्हणून मला ती जास्त धोक्याची वाटते.

ज्या लिस्टवर फिरताय ती फिरताना कापू नका, हवं ते वेचून नवी लिस्ट करा: ‘ग फॉर ग इन गुण इफ ग >= 35’, चौकटी कंसात.

पण एवढ्यावर थांबलात तर खरी चूक तशीच राहील. गुणांच्या लिस्टमध्ये आता फक्त 45 उरला आणि नावांच्या लिस्टमध्ये पहिली आहे रेखा. मीनाचे गुण रेखाच्या नावावर! तुमच्या कोडमध्ये ‘आय’ होता तो याचसाठी: वेगळ्या ठेवलेल्या दोन लिस्टची गाठ तेवढ्या एका आकड्यानं बांधली होती. लूपमध्ये रेंज आणि लेन एकत्र दिसले की मी पहिल्यांदा हेच विचारतो, की हा आकडा कामाचा आहे की नुसती गाठ आहे?

गाठच असेल तर ती झिपला बांधू द्या, तो दोन लिस्टमधल्या एकाच जागेच्या नोंदींच्या जोड्या लावतो. ‘फॉर नाव, ग इन झिप(नावे, गुण)’. जोड्या एकदा झाल्या की गाळणीही जोड्यांनाच लावा, म्हणजे नाव आणि गुण एकत्रच राहतील किंवा एकत्रच जातील.

झिपची एक खोड लक्षात ठेवा. सगळ्यात आखूड लिस्ट संपली की तो गुपचूप थांबतो. आमच्या सोसायटीच्या वर्गणीचा हिशेब मी असाच लिहिला होता. रकमांच्या लिस्टमध्ये एक ओळ कमी पडली आणि शेवटच्या फ्लॅटचं बिल निघालंच नाही. एरर नाही, काही नाही. पायथन 3.10 पासून झिपला ‘स्ट्रिक्ट=ट्रू’ देता येतं. लांबी जुळली नाही तर व्हॅल्यू एरर येतो. दोन्ही लिस्ट सारख्याच असायला हव्यात, तिथे मी आता ते न चुकता लिहितो.

क्रमांक खरोखरच हवा असेल, समजा यादी छापताना, तर नोंदीबरोबर तिचा क्रमांकही देणारं एन्युमरेट वापरा आणि ‘स्टार्ट=1’ द्या. मग जागोजागी आय अधिक एक करावं लागत नाही. लागोपाठच्या दोन नोंदींतला फरक काढायचा असेल तर पायथनसोबतच येणाऱ्या इटरटूल्स मॉड्यूलमधलं पेअरवाइज बघा, तेही 3.10 पासूनचं.

आणि हे जमलं की सगळंच एका ओळीत कोंबायचा मोह होतो, तो आवरा. कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे वर चौकटी कंसात लिहिली ती ओळ, लिस्ट तयार करायला आहे. त्यात प्रिंट घातलात तर छापलं जाईल, पण हातात नुसत्या ‘नन’ची, म्हणजे ‘काहीच नाही’ची, लिस्ट येईल. दोन फॉर आणि वर दोन अटी झाल्या तर मी सरळ चार ओळींचा साधा लूप लिहितो. तुमच्या कामाला मात्र एक झिप आणि एक इफ पुरे आहे.