रात्रभर दवाखान्यात बाळंतपणाची ड्युटी केल्यावर दिवसा झोप लागत नाही, अंग जडच राहतं. घरचे म्हणतात नुसतं बसून तर असतेस. काय करावं?

तुमचं ते "नुसतं बसून तर असतेस" वाचलं अन् माझं डोकं सरकलं, म्हणून आधी तेच.

मी यवतमाळ जिल्ह्यात पीएचसीला, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात, सिस्टर आहे. आमच्या घरात रात्रपाळीवाले दोघं, मी आणि माझा दीर. तो वणीकडे कोळशाच्या खाणीत. तो सकाळी आला की घर चिडीचूप, मिक्सर बंद, पोरं शेजारी, कूलर त्याच्या खोलीत, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी टाकायला सासूबाई स्वतः. मी आले की "बरं झालं आली, कणिक भिजवून ठेवली हाय."

मे महिन्यात एक पहिलटकरीण आली, संध्याकाळी. तिला टेबलवर पडायचंच नव्हतं, खिडकीचा गज धरून उभी राहायची अन् कळ आली की माझ्या खांद्यावर कपाळ टेकवून सगळं वजन माझ्यावर. मी तळहाताच्या बुडाने तिची कंबर दाबून राह्यली, एकाच जागी, थोडं जरी सरकलं तर "तिथं नाही सिस्टर, खाली" म्हणून ओरडायची. मधात दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, पार्टोग्राफ म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकते त्याचा तक्ता. दुसरी सिस्टर ट्रेनिंगला, आशाताई होती म्हणून घोटभर पाणी तरी पोटात गेलं. पहाटे बाळ झालं, मिनिटाच्या आत रक्तस्राव रोखायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, १० युनिट, वार पडली, अन् लोकांना वाटते झालं काम. मग पुढचे दोन तास दर १५ मिनिटांनी पोटावरून गर्भाशय कडक आहे का पाहा, पॅड पाहा, नाडी, बीपी. त्यावर आरसीएच पोर्टलची, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, एन्ट्री. ह्यात बसायचं कधी, हे मला त्या बोलणाऱ्यांनी सांगावं.

घरी आले तर ऊन टिनावर तापून राह्यलं, लग्नाची पत्रिका घेऊन पाहुणे बसलेले, अन् कूलरपुढे दीर घोरत. मी पर्स ठेवली अन् कूलर पाण्यासकट ओढत माझ्या खोलीत नेला, ओसरीभर पाणी. सासूबाई पाहुण्यांसमोरच म्हणाल्या, "त्याचं अंगमेहनतीचं काम हाय वं, तू तं बसूनच राहतं." मी पदर सरकवून खांदा दाखवला, त्या पोरीच्या बोटांचे निळे वळ उठले होते. "आई, हे बसून होते का?" दीर उशी घेऊन बाहेर निंबाखाली गेला. तेव्हापासून घरात हा विषय निघाला की सगळे मलाच हट्टी म्हणतात. म्हणोत.

तर तुमचं. पहाटे ३ नंतर चहा बंद करा, त्यातलं अर्धं कॅफिन पाच तासांनीही अंगात असते, मग सकाळी खाटेवर पडून डोळे टक्क उघडेच राहतील. दोघी असाल तर वाटून घेऊन वीस मिनिटं डोळा लावा, एकटी असाल तर ते विसरा. येताना डोळ्यांवर काळा चष्मा, ऊन डोळ्यात गेलं की झोप पळते. स्कूटी चालवत येऊ नका. सलग १७ तास जागा माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो असं १९९७ च्या एका अभ्यासात दिसलं होतं, आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. घरी सांगा हा आकडा. आल्यावर वरण-भात खा, तर्री नको. एका दमात झोप होत नसेल तर सकाळी चार तास, दुपारी पुन्हा थोडी, चालते. मोबाईल दुसऱ्याकडे, खोलीला आतून कडी. अन् कणिक मळू नका. एकदा मळली की जन्मभर तुमच्याच वाट्याला येते, आणि "पाच मिनिटांचं तर काम" म्हणणाऱ्या सासूला, जावेला, नवऱ्याला सगळ्यांना हेच उत्तर.

हां, हे मी पर्मनंट आहे अन् पोरं मोठी झाली म्हणून बोलू शकते. तुम्ही कंत्राटी असाल, घरी तान्हं असेल, तर कडी लावा म्हणणं सोपं आहे, मला माहीत आहे. झोपूनही अंग जड राहते म्हणता तर एचबी (हिमोग्लोबिन) अन् थायरॉईडची तपासणी करून घ्या, दिवसभर दुसऱ्यांना लोहाच्या गोळ्या वाटतो अन् स्वतःचं एचबी १२ च्या खाली, असल्या सिस्टर मी ढीगभर पाहिल्या. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणि ड्युटीत बाळ किंवा बाई दगावली असेल अन् डोळे मिटले की तेच दिसत असेल, तर ते चहा-कूलरनं जाणारं नाही. १४४१६ हा सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात.