खाणीतलं युरेनियम आपोआप का पेटत नाही?
तुम्ही विचारलंय की एक केंद्रक फुटून शेजारची फुटत जात असतील, तर जमिनीतलं युरेनियम शांत कसं बसतं? बारावीला विखंडन, म्हणजे केंद्रक फुटणं, शिकवताना मी याच प्रश्नापासून सुरुवात करते.

न्यूट्रॉन शिरला की सहज फुटतं ते युरेनियम-235. खनिजातल्या युरेनियममध्ये ते जेमतेम 0.7 टक्के, बाकी जवळजवळ सगळं 238. फुटल्यावर दोन तुकडे, दोन-तीन न्यूट्रॉन आणि सुमारे 20 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. कोळशातला कार्बनचा एक अणू जळताना मिळतात फक्त 4! डिसेंबर 1938 मध्ये बर्लिनला हान आणि श्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांना न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडलं, ते अशाच तुकड्यांमुळे. त्याचा अर्थ लावला लिझ माइटनर आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश यांनी. (माइटनर यांना नोबेल मिळालं नाही, हा मला अन्यायच वाटतो.)

गोम अशी, की सुटलेले न्यूट्रॉन फार वेगात असतात, आणि 235 सहज फुटतं ते संथ न्यूट्रॉनने. वेग उतरता उतरता मध्येच 238 त्यांना गिळतं, फुटत मात्र नाही. काही न्यूट्रॉन खडकातली इतर मूलद्रव्यं शोषतात, काही निसटून जातात. प्रत्येक विखंडनामागे सरासरी एक तरी न्यूट्रॉन पुढचं केंद्रक फोडायला उरला, तरच साखळी टिकते.

त्यासाठी वेग झटपट उतरवणारा मंदक हवा. साधं पाणी हे काम उत्तम करतं, पण स्वतःही न्यूट्रॉन खातं. म्हणून तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांना समृद्ध (235 चं प्रमाण वाढवलेलं) युरेनियम लागतं, तर 3 आणि 4 क्रमांकाच्या भट्ट्या न्यूट्रॉन फारसे न खाणाऱ्या जड पाण्यामुळे नैसर्गिक युरेनियमवर चालतात.

पण निसर्गात हे एकदा खरंच घडलंय. 1972 मध्ये आफ्रिकेतल्या गॅबॉनमधल्या ओक्लो खाणीच्या युरेनियममध्ये फ्रेंच तंत्रज्ञांना 235 चं प्रमाण 0.720 ऐवजी 0.717 टक्के दिसलं, आणि एवढ्याशा फरकाचाही त्यांनी छडा लावला. कमी पडलेलं 235 विखंडनात खर्च झालं होतं: सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी तिथे भूजल मंदक झालं होतं. पाण्याची वाफ झाली की साखळी थांबायची, खडक निवून पाणी परत झिरपलं की पुन्हा सुरू व्हायची. तेव्हा 235 होतं 3 टक्क्यांच्या आसपास. त्याचा अर्धायुकाळ (निम्मं उरायला लागणारा काळ) 70 कोटी वर्षं, 238 चा जवळपास 450 कोटी. त्यामुळे 235 भराभर घटत गेलं. आजच्या खनिजात भूजल कितीही झिरपलं तरी तेवढ्यावर साखळी चालणार नाही.