एकाच राइडवर परत परत काय बसायचं?

प्रश्न: मागच्या वर्षी खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आलो. आता मुलगा परत चला म्हणून मागे लागलाय आणि त्याला म्हणे फक्त नायट्रो या रोलर कोस्टरवरच बसायचंय, दिवसभर. एवढं तिकीट काढून तेच तेच बघण्यात काय मजा? – एक वाचक, पनवेल

उत्तर: दादा, पोराची निवड एकदम बरोबर आहे. नायट्रो 2013 पासून चालू आहे, पायाखाली जमीन नसलेली, पाय हवेत लोंबकळत ठेवणारी आणि पाच वेळा उलटं करणारी. पण खरी गंमत ही की पुढच्या रांगेतली नायट्रो आणि शेवटच्या रांगेतली नायट्रो या दोन वेगळ्या राइड आहेत. गाडी एकसंध असते ना, म्हणून पुढचे लोक चढ ओलांडतात तेव्हा मागचं वजन अजून वर चढतंय, त्यामुळे पुढचे उताराच्या तोंडाशी हळूहळू पुढे सरकतात, खाली सगळं दिसतंय आणि पोटात गोळा. शेवटच्या रांगेचं उलट. बाकी गाडी आधीच खाली निघालेली, ती यांना माथ्यावरून ओढूनच नेते आणि बूड सीटवरून उचललं जातं. शिवाय सकाळी चाकं आणि बेअरिंग थंड असतात, दुपारपर्यंत गरम झाली की कोस्टर जरा जास्त पळतो, हे जगभरच्या कोस्टरना लागू आहे.

याच्या उलट पडद्यावर फिल्म आणि खाली हलणारी खुर्ची, अशी राइड. पहिल्यांदा भारी, पण दुसऱ्यांदा धक्का कुठे बसणार हे आधीच माहीत असतं, मग उरतं काय? डिस्नीवाल्यांनी यावर उपाय काढलेत. फ्लोरिडातला टॉवर ऑफ टेरर, म्हणजे उंचावरून लिफ्ट खाली सोडणारी राइड, 1994 ला सुरू झाला आणि पुढे त्यात अशी सोय केली की लिफ्ट कधी किती खाली सोडायची ते दर वेळी कॉम्प्युटर ठरवतो, म्हणजे नेहमी येणाऱ्यालाही अंदाज येत नाही. स्टार टूर्स ही त्यांची पडद्यावरची अंतराळसफर पण 2011 पासून दर वेळी वेगवेगळे प्रसंग जुळवून दाखवते. आणि कॅलिफोर्नियातली 1967 ची पायरेट्स ऑफ द कॅरिबियन, ती तर साधी होडीतली सैर, पण दोन्ही काठांवर एवढं काही चाललेलं असतं की एका फेरीत सगळं बघून होतच नाही, डावीकडे बघितलं की उजवीकडचं सुटतं.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. राइड अंगाला त्रास देणारी नको. वळणावर डोकं आपटलं, मान अवघडली तर कितीही थरार असो, माणूस दुसऱ्यांदा रांगेत उभा राहत नाही.

तर शक्यतो मधल्या वारी जा, गर्दी कमी असते. आधी शेवटच्या रांगेत बसा, मग पुढची रांग मागून घ्या, थांबावं लागलं तरी थांबा. आणि तुम्ही खाली बॅगा सांभाळत बसू नका हं, पोराच्या शेजारी बसा. जेवण मात्र नंतर.